पूल व्हायच्या आधी: पादचारी-सायकल पुलाच्या सल्लामसलतीला पाचपैकी साडेतीन

सरळ सांगते. नदीवर होऊ घातलेल्या पादचारी आणि सायकल पुलासाठी रहिवाशांची मतं मागवण्याचा जो उपक्रम झाला, त्याला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. मिक्सरचा, मोबाइलचा, हॉटेलचा रिव्ह्यू आपण हौसेने लिहितो. सल्लामसलत हीसुद्धा सेवाच आहे, आपल्याच पैशातून चालते, आणि तिच्यात राहिलेली उणीव मिक्सरसारखी परत करता येत नाही. पुलाचा उतार एकदा काँक्रीटमध्ये ओतला की तो आपल्या नातवंडांनाही चढावा लागतो.

मी नर्स आहे. रात्रपाळी संपवून पहाटे सायकलने नदी ओलांडते, आणि कामावर व्हीलचेअर ढकलते, स्ट्रेचर ढकलते. सध्याचा पूल गाड्यांचा आहे. कडेला फुटपाथ आहे, पण समोरून कोणी आलं की सायकलवरून उतरून कठड्याला चिकटावं लागतं, आणि शेजारून ट्रक गेला की हातातलं हँडल हलतं. त्यामुळे नव्या पुलाची नोटीस लागली तेव्हा मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि पुढच्या सभांना ड्युटी सांभाळून जमेल तशी जात राहिले.

पहिला गुण नोटिशीला. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून विषय संपवला नव्हता. दोन्ही काठांवर, पूल जिथे उतरणार असं धरलं होतं त्याच जागी, डोळ्यांच्या उंचीवर फलक लावला होता. त्यावर नकाशा, मुदत आणि मत कळवायचे तीन मार्ग: कागदी फॉर्म, ऑनलाइन फॉर्म आणि फोन. फोनचा पर्याय मला सगळ्यात आवडला. ज्याला लिहिता येत नाही, ज्याची नजर अधू आहे, ज्याला फॉर्म बघूनच दडपण येतं, त्याच्यासाठी तोच एक दरवाजा असतो. एका पेशंटच्या नातेवाइकांना मी तो नंबर दिला. पलीकडच्या बाईंनी त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं. "असंच म्हणायचंय ना काका?" असं विचारून मगच फोन ठेवला. असं काम केलं की माणूस पुढच्या वेळीही फोन करतो.

फॉर्म मात्र कच्चा होता. पहिला प्रश्न: नदीवर पादचारी व सायकल पूल व्हावा असे आपणास वाटते का? हो किंवा नाही. दुसरा प्रश्न कठड्याच्या रंगाचा. तिसरा दिव्यांच्या नमुन्यांचा, चित्रांसकट. पूल नेमका कुठे उतरणार, चढ किती, चालणारे आणि सायकलवाले एकाच पट्ट्यातून जाणार की वेगळ्या, रात्री तो उघडा राहणार का, याबद्दल एक अक्षर नाही. मग 'हो' वर खूण करणाऱ्याने नेमका कशाला होकार दिला? रंग हा अगदी शेवटचा विषय. तो पहिल्याच पानावर विचारला की लोक समजून जातात, बाकी सगळं ठरलेलं दिसतंय, आपल्याला फक्त रंगापुरतं बोलावलंय.

काय ठरलंय आणि काय नाही, यावरच सल्लामसलतीची सगळी किंमत ठरते. ब्रिटनमध्ये शाळा बंद करण्याच्या प्रकरणातून १९८५ साली एक खटला झाला. त्यात मांडलेल्या चार कसोट्या तिथे 'गनिंग तत्त्वं' म्हणून ओळखल्या जातात आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. प्रस्ताव घडत असतानाच विचारा. लोकांना विचार करून उत्तर देता येईल इतकी माहिती आणि कारणं द्या. पुरेसा वेळ द्या. आणि निर्णय घेताना आलेल्या उत्तरांचा प्रामाणिकपणे विचार करा. पर्यावरणाशी निगडित निर्णयांबद्दलचा १९९८ चा आरहूस करारही तेच सांगतो: सगळे पर्याय खुले असतानाच लोकांना सामील करून घ्या. हे मी आधी वाचून गेले होते, म्हणून पहिल्या सभेत हात वर करून एवढंच विचारलं, "यातलं काय पक्कं झालंय आणि काय अजून बदलू शकतं, ते आत्ता फळ्यावर लिहून द्याल का?"

आणि त्यांनी लिहिलं. सभा चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी मार्कर घेऊन फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे पक्कं: पूल होणार, त्यावर मोटारी आणि मोटारसायकली नाहीत, पात्रात खांब कमीत कमी, आणि पुराची पातळी लक्षात घेऊन ठरवलेली उंची. उजवीकडे खुलं: दोन्ही टोकं, रॅम्पचा आकार, रुंदी, कठडा, पृष्ठभाग, दिवे, वेळा. पुढच्या दहा मिनिटांत सभेचा सूर बदलला. आधी जो तो पूल हवा की नको यावर बोलत होता, मग लोक उजव्या रकान्यातल्या एकेका ओळीवर बोलू लागले. दुसऱ्या दिवशी तोच तक्ता काठावरच्या फलकांवर लागला. अख्ख्या उपक्रमातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. ती पहिल्या नोटिशीतच छापायला हवी होती.

अमेरिकेच्या शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात 'सल्ला घेणे' ही खालून चौथी पायरी, म्हणजे लोकांचं ऐकलं जातं, पण त्याने काही बदलेल याची हमी नसते. आमचा फॉर्म तिथवरही पोचत नव्हता. फळ्यावरच्या त्या रेघेने आम्हाला दोन पायऱ्या वर नेलं असं मी म्हणेन.

आता चढाचं बोलते, कारण माझा जीव त्यातच अडकला होता. पूल पुराच्या पाण्याच्या आणि काठावरच्या रस्त्याच्या वरून न्यायचा, तर चालायचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण सहा मीटर वर जातो. व्हीलचेअरसाठी अनेक देशांत जास्तीत जास्त चालवून घेतला जाणारा चढ म्हणजे १:१२, एक मीटर वर जायला बारा मीटर लांबी. सहा मीटरला ७२ मीटर. अमेरिकी नियमांनुसार दर ७६ सेंटिमीटर चढानंतर दीड मीटरचा सपाट टप्पा लागतो, तो धरला की ८० मीटरच्या पुढे. अंगावर न येणारा चढ हवा असेल तर १:२०, म्हणजे १२० मीटर. हा आकडा ऐकून सभेत कुजबुज झाली. १२० मीटर रॅम्प कुठे मावणार? सरळ काठाने न्यायचा, घड्या घालून न्यायचा, की गोल फिरवायचा? घड्या घातल्या की प्रत्येक वळणावर सायकल जवळपास थांबते. गोल फिरवला आणि पृष्ठभाग आतल्या बाजूला कलता ठेवला की व्हीलचेअर सतत एकीकडे ओढते आणि ढकलणाऱ्याचं एकच मनगट भरून येतं. पूल हवा की नको, या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा होता आणि तो फॉर्ममध्ये नव्हता.

पहिल्या आराखड्यात यावर एक सोपा तोडगा काढला होता: एका काठावर रॅम्प, दुसऱ्यावर जिना आणि लिफ्ट. मी त्याला लेखी हरकत घेतली. लिफ्ट बंद पडली की त्या काठापुरता पूल नसतोच. दवाखान्यात लिफ्टसमोर स्ट्रेचर घेऊन ताटकळणं काय असतं ते मला माहीत आहे, आणि तिथे निदान दुरुस्तीवाला त्याच इमारतीत असतो. व्हेनिसचं उदाहरण मी हरकतीत जोडलं. ग्रँड कॅनॉलवरचा संविधान पूल २००८ मध्ये खुला झाला तो पायऱ्यांचा. व्हीलचेअरवाल्यांसाठी नंतर बाहेरून लटकती, अंड्याच्या आकाराची केबिन बसवली. ती धड चाललीच नाही आणि शेवटी काढून टाकावी लागली. नामवंत वास्तुरचनाकार, भरपूर पैसा, जगभरात कौतुक, आणि चाकांच्या खुर्चीतला माणूस मात्र पुलाबाहेरच.

आणि आता तो दिवस, ज्याच्यासाठी मी पूर्ण एक गुण राखून ठेवला होता. दुसऱ्या फेरीत अधिकाऱ्यांनी सभागृह सोडलं आणि सगळ्यांना काठावर बोलावलं. जमिनीवर पांढऱ्या टेपने पुलाची रुंदी आखली होती: एक पट्टा तीन मीटरचा, शेजारी एक चार मीटरचा. बाजूला प्लायवूडचे दोन उतार, एक १:१२ चा आणि एक १:२० चा. एक व्हीलचेअर, दोन साध्या सायकली, आणि एका रहिवाशाने आणलेली पुढे मोठा खोका असलेली मालवाहू सायकल.

तीन मीटरच्या पट्ट्यावर आम्ही खरोखर चालून पाहिलं. दोघी मैत्रिणी गप्पा मारत शेजारीशेजारी चालल्या की साधारण दीड मीटर. समोरून व्हीलचेअर, ढकलणाऱ्याच्या कोपरांसकट ९० सेंटिमीटर. मागून सायकल, चालती सायकल थोडी डुलतेच, म्हणून तिला एक मीटर. बेरीज झाली ३ मीटर ४० सेंटिमीटर, आणि कठड्याला अंग घासत कोणी चालत नाही ते वेगळंच. मैत्रिणींपैकी एकीला मागे सरकावं लागलं, सायकलवाल्याला पाय टेकावा लागला. चार मीटरच्या पट्ट्यात तीच माणसं न बोलता, न थांबता एकमेकांना पार करून गेली. कागदावर तीन आणि चार यांत एका आकड्याचा फरक दिसतो. इथे तो सगळ्यांच्या पायांना कळला, आणि रुंदीबद्दलचा वाद तिथेच मिटला. मोजपट्टी धरून उभा असलेला तरुण इंजिनिअर वहीत काहीतरी खोडून पुन्हा लिहीत होता.

मग उतार. तो इंजिनिअर स्वतः खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही ढकला." १:१२ वर मी त्याला अर्ध्यात नेऊन थांबवलं आणि म्हटलं, "आता माझे हात हिशेबात धरू नका, तुमचे तुम्ही निघा." थांबलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करणं ही चढाची खरी परीक्षा. वेगात आलेला माणूस कुठलाही चढ चढतो. त्याने चाकं फिरवली, खुर्ची इंचभर पुढे गेली आणि मागे आली. तिसऱ्या हिसक्याला निघाली तेव्हा त्याचे खांदे कानापर्यंत वर आले होते. शेजारच्या १:२० वर तोच माणूस थांबला, निघाला, थांबला, निघाला, आणि वर पोचून शांतपणे मागे वळून बोलू लागला. गुडघ्यांची तक्रार असलेले एक आजोबा हे सगळं बघत होते. ते काठी टेकत दोन्ही उतार स्वतः चढून आले आणि एवढंच म्हणाले, "लांब चालेन, पण हाच." दोन काठांवरच्या लोकांनी त्या दिवशी जे शिकून घेतलं ते कुठल्याही सादरीकरणातून आलं नसतं. ज्या कोणाला ही प्लायवूडची कल्पना सुचली, त्या माणसाचे मनापासून आभार.

मालवाहू सायकलने एक वेगळीच अडचण उघडी केली. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून आराखड्यात दोन्ही तोंडांशी आडवेतिडवे लोखंडी पाइप दाखवले होते. भीती खरी आहे. अशा पुलांवर मोटारसायकली घुसतात आणि मग लहान मुलांना घेऊन कोणी यायला धजत नाही. पण टेपने आखलेल्या त्या तोंडातून खोक्याची सायकल वळेना, जुळ्यांची बाबागाडी अडकली, आणि व्हीलचेअर मागेपुढे करत कशीबशी निघाली. ब्रिटनच्या २०२० च्या सायकल मार्गदर्शिकेत रचना तपासण्यासाठी धरलेली सायकल २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे, ती याचसाठी. आडवे पाइप काढून दीड मीटर अंतराने उभे खांब लावावेत, आणि मोटारसायकलींवर कॅमेऱ्याने किंवा माणसाने लक्ष ठेवावं, असं बहुतेकांनी लिहून दिलं. एखाद्या चपळ मोटारसायकलवाल्याला ते अडवणार नाही हे मलाही दिसतं. तरी त्याला अडवण्यासाठी खुर्चीतल्या माणसाला दारातच थांबवणं मला मान्य नाही.

त्या दिवशी मला सगळ्यात नवीन असं एका दृष्टिहीन गृहस्थांनी शिकवलं. आराखड्यात चालणारे आणि सायकली यांच्यामध्ये पांढरी रेघ होती. ते म्हणाले, "ती रेघ तुमच्यासाठी आहे. माझ्या काठीला ती लागत नाही, आणि सायकल येताना आवाज करत नाही." त्यांनी मागितलं ते साधं होतं: मधे काठीला आणि तळपायाला जाणवेल अशी उंचसखल पट्टी, किंवा दोन पातळ्यांत थोडा फरक. अनेक सायकलवाल्यांनाही तेच हवं होतं, कारण अचानक आडवं येणारं माणूस त्यांनाही नको असतं. डेन्मार्कच्या कोपनहेगनने २०१४ मध्ये सायकलींसाठी उंचावरून वळत जाणारा वेगळा पूल बांधला तो खालच्या धक्क्यावरची हीच चेंगराचेंगर सोडवायला, आणि लोकांनी तो लगेच आपलासा केला. त्याच शहरात २०१६ मध्ये बंदरावर सरकता पूल झाला, त्याच्या मधोमध वाट एकदम बाजूला वळते, आणि तिथे सायकलवाले कठड्यावर आपटू लागले. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या गावातही वळण आधी चालवून बघावं लागतं.

कठड्याच्या उंचीवर दोन बाजू पडल्या. सायकलवर बसलेल्या माणसाचा तोल वर असतो, म्हणून ब्रिटनमध्ये सायकल पुलाला १.४ मीटर कठडा मागतात. ते बरोबर आहे. पण चित्रात कठडा भरीव पत्र्याचा होता, आणि चित्र काढलं होतं पक्ष्याच्या उंचीवरून. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतच असतात. म्हणजे त्याला पूलभर पत्रा दिसणार, नदी दिसणारच नाही. लहान मुलांचंही तेच. मी खुर्चीच्या उंचीवरून काढलेलं चित्र मागितलं, आणि तिसऱ्या फेरीत ते भिंतीवर होतं. ते बघितल्यावर उभ्या सळ्यांच्या कठड्याबद्दल कोणाला काही समजवावं लागलं नाही. ज्या पेशंटना मी महिनोन्महिने खिडकीशी बसवलंय, त्यांना पाणी दिसणं काय असतं हे मला ठाऊक आहे.

बाकीच्या काही गोष्टी पटकन सांगते. कोणीतरी विचारलं, पूल हलणार का. लंडनचा मिलेनियम ब्रिज १० जून २००० रोजी खुला झाला, गर्दीच्या चालीबरोबर आडवा डुलू लागला, आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल थोडा डुलला की माणसं नकळत त्याच्या तालावर पावलं टाकतात आणि त्यामुळे तो आणखी डुलतो. धक्के शोषणारी यंत्रणा बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला. इंजिनिअरने हे सगळं न लपवता सांगितलं आणि आपल्या पुलाची तपासणी कशी होणार तेही सांगितलं. मला हे फार आवडलं; 'काळजी करू नका' म्हणून वेळ मारून नेली नाही. चालायच्या पृष्ठभागात काचेचे चौकोन दाखवले होते, त्यावर मीच बोलले. स्पेनमधल्या बिल्बाओच्या एका पादचारी पुलावर काचेच्या फरशा ओल्या झाल्या की लोक घसरायचे, शेवटी वरून जाजम अंथरावं लागलं. व्हेनिसच्या त्याच पुलावर काच काढून दगड बसवायचं २०२२ मध्ये ठरलं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हातारीची पुढची सहा महिन्यांची कहाणी मी रोज बघते. काच वगळली गेली.

आता उणे बाजू. सभा एक सकाळी, एक दुपारी आणि दोन संध्याकाळी होत्या. वेळ बदलून ठेवल्याबद्दल शाबासकी, पण रात्रपाळी करणारे, सफाई कामगार, पहाटे पेपर टाकणारे, यांच्यापैकी त्या खोल्यांत मी जवळपास कोणाला पाहिलं नाही. पुलाची सगळ्यात जास्त गरज असलेली माणसं अशीच आहेत, ज्यांच्या वेळेला बस नसते. सध्याच्या पुलावरून किती जण जातात याची मोजणी दिवसा झाली. माझ्यासारखी पहाटेची माणसं त्यात नाहीत. त्याहून महत्त्वाचं, आज जे जातात तेच मोजले जातात. भीतीने, चढामुळे किंवा अरुंद फुटपाथमुळे जे जातच नाहीत, ते कुठल्याच मोजणीत येत नाहीत. 'तुम्ही नदी का ओलांडत नाही?' हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही. यासाठी मी पूर्ण एक गुण कापलाय आणि तो कापताना मला जराही संकोच वाटला नाही. पहाटे फलकाजवळ एक माणूस तासभर उभा केला असता तरी भागलं असतं.

दुसरी उणीव पूल ज्यांच्या खिडकीसमोर उतरतो त्यांच्याबाबत. पुलाचा फायदा दोन्ही काठांवरच्या हजारो लोकांत थोडाथोडा वाटला जातो, त्रास मात्र रॅम्पलगतच्या पाच-पंचवीस घरांवर येऊन पडतो. रात्रीचे दिवे, गप्पांचे आवाज, वरून थेट स्वयंपाकघरात पडणाऱ्या नजरा, दुपारची सावली. सभेत त्यातल्या एक बाई बोलायला उठल्या तेव्हा मागून "तुम्हाला विकास नको का?" असा आवाज आला. ते ऐकून मला वाईट वाटलं. त्यांना पूल नको नव्हता, त्यांना आपल्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर रॅम्पचं वळण नको होतं. माझ्या मते पूल व्हावा की नाही याबाबत त्यांचं मत बाकीच्यांइतकंच, पण वळण कुठे घ्यायचं आणि पडदा कुठे लावायचा याबाबत त्यांचं मत सगळ्यात वजनदार धरायला हवं. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या खिडकीत उभं राहून बघायला हवं होतं. तसं कोणी गेलं ते तिसऱ्या फेरीनंतर, दोनदा लेखी मागणी झाल्यावर.

शेवटी अहवाल. यायला ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला आणि त्या काळात विचारलं तर 'प्रक्रियेत आहे' एवढंच उत्तर मिळायचं. अशा शांततेत अफवा वाढतात. मधल्या काळात पूल रद्द झाला इथपासून वर गाळे काढणार आहेत इथपर्यंत सगळं ऐकलं. पण अहवाल आला तो कामाचा होता. प्रत्येक मुद्द्यासमोर तीन रकाने: लोक काय म्हणाले, काय बदललं, बदललं नसेल तर का नाही. रुंदी चार मीटर झाली. लिफ्ट आणि जिना वगळून दोन्ही काठांवर रॅम्प आले. एकीकडे १:२०, दुसरीकडे जागा कमी म्हणून थोडा जास्त चढ, पण सपाट टप्पे वाढवून. आडवे पाइप गेले. स्पर्श पट्टी आली. पूल रात्री बंद ठेवण्याची सूचना फेटाळली आणि कारण लिहिलं: रात्रपाळीच्या लोकांसाठी तो पर्यायी मार्ग आहे. रॅम्पचं वळण मात्र पूर्ण हलवलं नाही, थोडं सरकवलं आणि जाळीचा पडदा दिला. त्या बाईंचं पूर्ण समाधान झालेलं नाही. तरी त्यांना कारण लेखी मिळालं, आणि त्यावर पुढे दाद मागायची तर हातात कागद आहे.

अर्धा गुण कापलाय तो देखभालीसाठी. दिवा गेला तर किती तासांत बदलणार, पावसाळ्यात शेवाळ कोण घासणार, तक्रारीचा फोन रात्री उचलला जाणार का, हे मी प्रत्येक फेरीत विचारलं आणि प्रत्येक वेळी 'पूल झाल्यावर ठरवू' हेच ऐकलं. अहवालातही त्या ओळीसमोरचा रकाना कोरा आहे. दिव्यांची आणि पृष्ठभागाची अंतिम रचना अजून खुली आहे, तिच्यासाठी पुढची फेरी जाहीर झाली आहे आणि त्या वेळी फॉर्म आधी काही रहिवाशांना दाखवणार असं अधिकाऱ्यांनी सांगितलंय. देखभालीचा तक्ता, जबाबदार खात्याचं नाव आणि दुरुस्तीची मुदत याच फेरीत लेखी जोडावी, अशी हरकत मी दाखल केली आहे. पहाटेच्या पाळीतल्या आणखी काही जणांनी तिच्यावर सह्या केल्या आहेत.